शेवटचा डबा

प्रिंट एकच, थिएटरं दोन.
कळव्यात बाराचा खेळ, ठाण्यात पाऊणचा,
मधे खाडीवरचा पूल
आणि मालकाच्या सायकलवर मी, सोळा वर्षांचा.

तिकडे डबा संपला की सुतळीने कॅरियरला करकचून बांधायचा
आणि दामटायची.
सात डबे, सात खेपा.
दुसऱ्यात तो तिच्या वडिलांचं घड्याळ फोडतो,
चौथ्यात वर्दी घालून दारात उभा राहतो,
आणि सातव्यात मरतो.

सातवा पोचवला की माझं काम संपायचं.
मग पास्कलमामाच्या केबिनमधल्या भोकाला डोळा लावून
मी ते बघायचो:
बर्फात, पडक्या गिरणीपाशी, टोपी एकीकडे.
तिला ते माहीतच नसतं.
ती स्टेशनवरच्या बाकावर बसून
दुसऱ्या पायाचा मोजा विणायला घेते.
पहिले चार टाके.
आणि मग अक्षरं येतात.

बोलणं परदेशी, कुणालाच कळायचं नाही,
तरी बाहेर पडताना लोक
उगाच चपला शोधत रेंगाळायचे.

मला तर सातवा डबा जड लागायचा.
पास्कलमामा म्हणायचा, गाढवा, उलट तोच हलका,
त्यात रीळ कमी आहे.

कारखानीस बाई दर गुरुवारी यायच्या.
नौपाड्यात राहायच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या.
सहावा डबा संपला की पदर सावरून उठायच्या,
शेवट कधी बघितला नाही.
साल बहात्तर. पानवाला सांगायचा,
मिस्टरांचं नाव गेलेल्यांच्या यादीत नाही
आणि आलेल्यांच्याही नाही.

एका गुरुवारी खेळाआधी त्यांनी मला फाटकाशी गाठलं.
"सातवा तूच आणतोस ना?"
"हो बाई."
"वाटेत पंक्चर होत नाही कधी?"
"आजवर तरी नाही."
त्यांनी माझ्या हातावर चार आणे ठेवले.
हवा भरायला तेव्हा पाच पैसे पडायचे.

पुलाच्या मध्यावर व्हॉल्व्ह मीच काढला.
चाक सुस्कारत बसलं.
डब्यावर हात ठेवला, नुकताच चाललेला, कोमट होता.
खाली ओहोटी, चिखलात एक होडी,
जाळं झटकणाऱ्याने वर बघून विचारलं,
"काय रं पोरा, डब्यान काय हाय?"
"मानूस हाय एक," मी म्हटलं.
"जिता का?"
मी म्हटलं, "आता तरी."

बावीस मिनिटं.
तिकडे पडदा पांढराफेक, शिट्ट्या,
स्टॉलच्या दोन खुर्च्या फाडल्या,
आणि पास्कलमामाने माझ्या खानदानाचा उद्धार केला.
पण त्यानेच नंतर सांगितलं,
बाई उठल्या नाहीत.
त्या उजेडात पर्स उघडून आवळासुपारी काढली,
शेजारच्या अनोळखी बाईला दिली,
कशावर तरी हसल्यासुद्धा दोघी.

मी पोचलो. तो मेला, नेहमीसारखा.
बाईंची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.
माझे तीन रुपये कापले.
पुढच्या गुरुवारी पिक्चर बदलला,
बाई पुन्हा दिसल्या नाहीत. बदली झाली म्हणे, किंवा काहीतरी.

थिएटरच्या जागी आता रक्त तपासायची लॅब आहे.
उपाशीपोटी गेलो होतो मागच्या महिन्यात;
जिथे केबिनचं भोक होतं साधारण तिथेच
त्या मुलीने सुई टोचली.

काल वाघबीळला, अठराव्या मजल्यावर,
नातीने मोबाईलवर तोच पिक्चर शोधून दिला.
सातही डबे एकदम आत,
कुणी कुठून काही आणायला नको.
तो बर्फातून चालत गिरणीपाशी येतो,
टोपी सरळ करतो
आणि नेट अडकतं.
काचेवर एक बारीक चाक
जागच्या जागी फिरत राहतं.

नात म्हणाली, "थांबा आजोबा, राऊटर बघते."
म्हटलं, बस गं जरा, घाई नाही.
घरात आवळासुपारी आहे का बघ.