दुसरी सही

वाळपईच्या नोंदणी कार्यालयात लग्नाला दोन सह्या लागतात.
एक, की करायचं आहे;
पंधरवड्यानंतर दुसरी, की अजूनही करायचं आहे.
पोर्तुगीज गेले, कायदा राहिला,
सगळ्या धर्मांना एकच,
हे काउंटरवरून मी किती वेळा अभिमानानं सांगितलं असेल.

बशारत बेपारी, मासोर्ड्याला पंक्चरचं दुकान.
तहसीन, जन्मदाखला जोडलेला.
निकाह आदल्या शुक्रवारीच झालेला.
तिच्या ओल्या बोटाचा मेंदीडाग रजिस्टरच्या कडेला उमटला
आणि मी टिपकागद पुढे केला, जरा त्रासूनच.

काचेच्या फळ्यावर नावं टाचली:
कुणाची हरकत असल्यास कळवावे.

शनिवारी दोघं परत आले.
बाहेर काजूच्या बोंडांचा वास, उद्या सगळं बंद म्हणून कुजबुज.
"तीन दीस आदीं केल्यार जायना?"
मी कॅलेंडरवर बोट ठेवलं. मंगळवार.
जेवायची वेळ झाली होती.
डब्यात तोंडली होती, हे अजून आठवतं.

मंगळवारी आमच्या दाराला कुलूप.
उन्हाळाभर फळ्यावरची नावं पिवळी पडत गेली.
हरकत कुणाचीच आली नाही.

जुलैत तो गेला, मडगावच्या इस्पितळात.
'मयताशी नाते' पुढे तिनं लिहिलं, पत्नी.
त्यांनी पुरावा मागितला,
मग रेघ मारून दिराची सही घेतली.
आरोग्य खात्याच्या यादीत मात्र तिच्याबद्दल शंका नव्हती:
निकटचा संपर्क, एकाच घरात,
दारावर कागद डकवावा.

चार महिने दहा दिवस ती इद्दतीत बसली.
मशिदीच्या वहीत विधवा,
आमच्या वहीत अविवाहित.

डिसेंबरात आली. दुकानाचे कागद अडले होते.
मास्कवर नुसते डोळे.
"साहेब, माझी तरी घ्या. मी आता करते सही."

मी रजिस्टर काढलं. काढायला नको होतं.
डाग तिथंच, सुकून तपकिरी झालेला;
खाली दोन चौकटी कोऱ्या.
कलम मला तोंडपाठ आहे,
तरी पानं उलटत राहिलो,
पुढे कुठेतरी वेगळं काही छापलेलं असेल तसा.

रांगेत कुणी तरी खोकलं.
माणसं एक एक पाऊल सरकली,
तिच्यापासून.
खोकला तिचा नव्हता.

ती वाकून उभी होती, रकान्याजवळ.
पेन तिच्या हातात,
टोपण माझ्या.