खालचा आवाज

दर नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारी
मी साडेतीन तास गाडी हाकतो,
खुर्च्या लावायला.
एवढंच काम उरलंय माझ्याकडे.
बासष्ट खुर्च्या, चार रांगा, अर्धगोल.
त्यातल्या तीन लंगड्या,
कुठल्या, ते मलाच माहीत.

ट्रॉम्बोन सुटला चौदा वर्षांपूर्वी,
पुढचे दोन दात गेले तेव्हा.
नवे दात हसायला बरे आहेत,
फुंकायला परके.
आयोवातल्या त्या कॉलेजात आता
मला ओळखतो फक्त सभागृहातला पियानो,
तोही, कुणी नुकताच सुरात लावला असेल तर
ओळख दाखवत नाही.

पोरं विचारतात, सर, तुम्ही कुठल्या सालचे?
शहाऐंशी, मी सांगतो.
ती मान डोलावतात,
माणसं शिलालेखापुढे डोलावतात तशी.
मग फ्रॅटर्निटीचा कोषाध्यक्ष,
नाव एझेकिएल, वय एकोणीस,
खाकरून वर्गणीची आठवण करतो.
चाळीस डॉलर. मी देतो,
आणि पावती मागून घेतो.
धान्याच्या काट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी.

लोरेन विचारायची सुरुवातीला,
"असतं काय तिथे एवढं?"
काय सांगणार बायकोला?
एक शपथ आहे, ती सांगायची नाही.
एक गाणं आहे, ते बाहेर म्हणायचं नाही.
मग उरतं काय? कॉफी वाईट असते, म्हटलं.
"बरं मग, जा," ती म्हणाली,
"वाईट कॉफी पिऊन ये."

पण गाणं काय पोटात राहतं?
भांडी पुसताना, दारातला बर्फ उपसताना
निसटायचंच गळ्यातून.
माझा दुसरा बास,
चार आवाजांतला सगळ्यात खालचा.
वाट्याला सूर तीनच,
त्यातही बराच वेळ एकच:
वरचे तिघे हिंडून येईपर्यंत
दार उघडं धरून उभा.

लोरेनला वाटलं, हेच गाणं.
एकतीस वर्षं वाटलं.
मुलगी तान्ही होती तेव्हा तिने तेच गुणगुणलं पाळण्याशी,
एकच सूर, एकच सूर, एकच सूर,
मग एक पायरी खाली.
पोरगी झोपली.
कोण नाही झोपणार?

या मार्चमध्ये लोवेल टॉर्केलसन गेला.
पहिला टेनर. पस्तीस वर्षं शाळेत बँड शिकवला त्याने
आणि एकाही पोराला ओरडला नाही, असं म्हणतात;
आम्हाला मात्र ओरडायचा.
दफनभूमीत वारा असा
की टोप्या हातात धरून उभे आम्ही नऊ म्हातारे.
आणि सात पोरं,
कुणी न बोलावता, भाड्याची व्हॅन करून आलेली.
लोवेलला त्यांनी पाहिलंही नव्हतं कधी.

असल्या दिवशी तेवढी मोकळीक असते:
उघड्यावर, सगळ्यांसमोर.
एझेकिएलने खिशातून इवलीशी पिपाणी काढून सूर दिला.
मी माझ्या जागी उभा राहिलो, खाली.
आणि वर, लोवेल असायचा तिथे,
कुणा लाल कानांच्या पोराचा आवाज चढला,
घसरला जरासा,
चढलाच.

गाडीत लोरेन बराच वेळ गप्प.
मक्याचे खुंट दोन्ही बाजूंनी मागे पळत होते.
मग म्हणाली,
"म्हणजे त्याच्यावर चाल होती."
होती.
"मला वाटायचं, तुला गाता येत नाही."
येत नाहीच, मी म्हटलं.

वॉटरलू येईपर्यंत ती शोधत राहिली ती चाल,
ओठ मिटून, चुकत, मागे येऊन, पुन्हा.
मी गाडी चालवता चालवता
खाली माझा एक सूर धरला.

नियमात हे बसत नाही, ठाऊक आहे.
नोव्हेंबरात एझेकिएलला सांगून टाकीन.
दंड असेल तर भरीन.
पावती घेईन.