बोडका देठ

हिल्काचं खुब्याचं हाड मोडलं
आणि तिच्या खिडकीतली होया माझ्या गळ्यात पडली.
औलू. जानेवारी. सूर्य दहानंतर उगवतो,
अडीचला गाशा गुंडाळतो.
चाळीस वर्षं बर्फफोड्या जहाजाची इंजिनं सांभाळली मी;
एक वेल ती काय!

पाणी कोमट. तेही मातीत बोट खुपसून,
कोरडी लागली तरच.
पानं पुसली एकेक, जाड, मेणचट,
जुन्या रेनकोटाच्या बाहीसारखी.
मग एक देठ दिसला, बोडका, गाठाळ.
कात्रीनं उडवला.

चिठ्ठी नंतर सापडली,
दुधाच्या खोक्याच्या पाठीवर, तिचं तिरकं अक्षर:
कुंडी फिरवू नकोस.
बोडके देठ कापू नकोस, आउलिस.
फूल दरवर्षी त्याच देठावर परत येतं.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन. "कशी आहे?"
"मजेत."
"देठ किती आहेत?"
खाली अंगणात कुणीतरी फावड्यानं बर्फ खरवडत होतं.
"उद्या मोजतो."

तीन उरलेत.
तिन्हींना इंजिनरूममधले लाल बिल्ले बांधलेत:
दुरुस्ती चालू. हात लावू नये.
तसा हात लावणारा
या घरात मी एकटाच.