सतरा नंबर

तिमाहीचा तक्ता भरायला घेतलाय.
सतरा नंबरसमोर लिहायचंय: उपलब्धता, टक्क्यांत.
म्हणजे किती तास तयार होतं.
फिरलं किती, तो रकाना वेगळा.
हा फरक अश्रुबानं शिकवला मला
वाशीच्या स्टँडवर, भज्यांच्या तेलकट कागदावर:
"वारं नसताना उभं ऱ्हायलं, तर त्याचा गुन्हा नाय.
वारं असून उभं ऱ्हायलं,
तर आपला."

आषाढात बालाघाटाच्या कडेला शेळ्या तिरक्या चालतात.
बोललेलं पुढच्या माणसाला ऐकू जात नाही,
मागच्या गावाला जातं.
नेमका तेव्हाच फीडर पडतो.
भरल्या ताटांवरून पंगत उठवावी
तशी अठरा यंत्रं पाती फिरवून गप्प होतात.
ते चार तास ग्रिडच्या नावावर. लिहिले.

चौदा जुलै, रात्री दोन वाजून दहा.
सतराची पातं वळवणारी मोटर जळाली.
नवी मोटर पुण्याहून निघाली, येरमाळ्याला टेम्पो पंक्चर.
आली, तर वर चढता येईना.
बारा मीटरच्या पुढे वारं असलं की शिडीला हात लावायचा नाही,
नियम आहे, आणि नियमामागे कुणाचं तरी नाव आहे,
ते आम्ही घेत नाही.
ज्या वाऱ्यावर कमवायचं, त्यानंच दुरुस्ती अडवली.
सहा दिवस
इलियास खाली पट्टा बांधून बसलेला,
वाऱ्यानं थोडं दमावं म्हणून वाट बघत.
सातव्या दिवशी ते दमलं.
दोघं चढले. ऐंशी मीटर, लिफ्ट मार्चपासून बंद.
मोटर बसली, दिवा हिरवा झाला,
आणि वारं परत आलंच नाही म्हणण्याइतकं कमी आलं.

बाकीचं किरकोळ.
पात्यांच्या धारेवर चिकटलेले किडे, वर खडीक्रशरची धूळ.
सोळा नंबर समोरच उभं,
म्हणून सतराला कायम उष्टं वारं.
तांब्याची केबल कापून नेली, अकरा दिवस.
तक्त्यात 'चोरी' हा रकाना नाही.
'इतर' मध्ये टाकले.

परवा साइटवर गेले.
भादव्याची उघडीप, गवताचा तुराही हलत नव्हता.
दिवा हिरवा. सतरा तयार. शंभर टक्के.
शेजारच्या रानातल्या कौशल्याबाईंनी विचारलं,
"फिरंना का गं ते?"
"तयार आहे, मावशी. वारं नाही."
"तयार तर म्या बी हाय," त्या म्हणाल्या.
कशाला, ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.
पात्याची सावली त्यांच्या उडदावर आडवी पडली होती,
एकाच जागी, दुपारपासून.
त्यांनी ताडपत्रीचं टोक धरलं,
दुसरं मला धरायला लावलं,
आणि उडीद
हातभर उन्हात ओढला.