अर्धा तांदूळ

बापाच्या ताजव्यात सोन्याखेरीज काही चढत नसे.
अपवाद एकच : मुनीरखाँची दारू.
हसू नका, दारू म्हणजे बारूद.
उन्हं कलल्यावर यायचा किनवटच्या आमच्या दुकानात,
शेगडी खरंच विझलीय का
ते राखेत बोटं खुपसून बघायचा,
मग गादीच्या कडेला टेकायचा,
निजामाच्या फौजेतला म्हातारा, गुडघ्यात कटकट.

रुमालातून पुंगळ्या निघायच्या, पितळी,
पाच-पाचदा उडालेल्या, पाच-पाचदा भरलेल्या.
त्यांच्या गळ्यावरून तो नख फिरवी.
केसाएवढी चीर लागली
की ती पुंगळी मोडीत, बापाकडे.

एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात करडे कण.
किती गुंजा, ते सांगत नाही.
त्यानं शपथ घातलीय,
आणि घालणारा मेला की शपथ सुटत नाही,
उलट गाठ बसते.
गुंजेचे तांदूळ आठ.
हा अर्ध्या तांदळावर भांडायचा.
"सोने में चलता, सेठ. गिऱ्हाइक कुरकुर करके जाता.
इसमें जानवर लंगडता जाता."

बोधडीच्या तुरीत एकदा बाजारच्या सर्द काडतुसानं
डुकराच्या पोटात गोळी घातली होती.
लिंगू आत्राम दोन दिवस रक्ताच्या मागे,
पानापानावर थेंब, मग थेंबही नाही,
तिसऱ्या दिवशी पैनगंगेच्या काठी गिधाडं.
तेव्हापासून हे सुरू.

दर आइतवारी कोरड्या नाल्यात
सागाच्या बुंध्याला कागद. तीन गोळ्या.
पळत जाऊन कागद आणायचं काम माझं.
कधी भोकं वीतभर लांब,
कधी बोटाला बोट लागून,
पुढच्या आइतवारी पुन्हा वीतभर.
वहीत तो उजवीकडून लिही :
चैत्राचं ऊन. टोपी जुनी. दम चुकला.
सगळा दोष स्वतःच्या नावावर.

मी दहाचा होतो. गुंजा मोजून द्यायचो.
गल्ल्यात डब्या दोन : एक घेण्याची, एक देण्याची.
हाताला येईल ती उघडायचो.
एका संध्याकाळी उगाच, खेळ म्हणून,
या डबीतल्या वीस या पारड्यात
त्या डबीतल्या वीस त्या पारड्यात.

काटा कलला.

मुनीरखाँनं काट्याकडे बघितलं, मग बापाकडे.
बाप विझल्या शेगडीला फुंकणी लावून बसला.
लोक म्हणतात, सोनार आईच्या नथीतही मारतो.
आजीची नथ मला एकदम आठवली.
म्हातारा एवढंच म्हणाला,
"छोटे, आज से यही एक डब्बी."
आणि वहीतली मागची सात पानं
एकेक करून, घाई न करता, फाडली.

माघात तीन भोकांवर त्यानं पावली ठेवली.
पावलीखाली तिन्ही झाकली गेली.
नाचला-बिचला नाही. पावली परत खिशात घातली.

ज्वारी हुरड्यात असताना डुक्कर उतरलं.
एकच आवाज. लिंगू बॅटरी घेऊन गेला.
मुनीरखाँ बांधावरच थांबला, तो त्याला शिवणार नव्हता,
मटण सगळं पाड्यावरच जायचं होतं.
लांबूनच विचारलं, "तडपा क्या?"
"न्हाई. कणीस तोंडातच हाय."
वहीत त्यानं एक अलिफ ओढला. तारीखसुद्धा नाही.

दुसरी डबी बापानं मागच्या उकिरड्यावर ओतली,
अंधार पडल्यावर, मी झोपलोय असं समजून.
दोन वर्षांनी तिथं वेल चढला.
शेंगा तडकल्या. गुंजा सारख्याच लाल,
सारखाच काळा डोळा.

आता माझ्या दुकानी विजेचा काटा आहे.
त्याच्या शेजारी एक पुंगळी, गळा चिरलेली,
टाकणखार ठेवायला बरी पडते.
गिऱ्हाइकं विचारतात, हे काय?
मी म्हणतो, माप.