अजून सुरू झालेली नाही

शुक्रवारी रात्री साडेनऊला त्याने नकार दिला,
आधी सभ्यपणे: इन्स्टॉल होऊ शकलं नाही.
मग एक आकडा. शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, बी.
हेल्पलाइनच्या मुलीला मी तो वाचून दाखवला
वाण्याची यादी वाचतात तशा आवाजात.
ती म्हणाली, मॅडम, बी फॉर बॉम्बे का?
म्हटलं, हो. तेच. जुनं.

सोसायटीची खजिनदार मी, अकरा वर्षं,
कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.
सोमवारी बिल्डरची माणसं येणार.
थकबाकीची यादी त्यांना नव्या आवृत्तीतलीच हवी.
म्हणून सगळं केलं. बंद करून चालू केलं,
काढून टाकलं, परत टाकलं.
राउटरची वायर उपटून तीस आकडे मोजले,
अठ्ठाविसाव्याला धीर सुटला, पुन्हा एकपासून.
अँटिव्हायरसला म्हटलं, तू जरा बाहेर थांब.
डिस्कवर जागा नव्हती, तर शर्वाणीच्या
गॅदरिंगचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले
(बघितले नाहीत. एकच बघितला).
तेव्हा कुठे तो खरं कारण बोलला:
या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही.

मुदत संपणं मला कळतं.
दुधाची, पासपोर्टची, यांच्या पॉलिसीची संपली.
सुरूच न झालेली मुदत
कन्नमवार नगरात तरी मी पहिल्यांदा पाहिली.

शनिवारी तळमजल्यावरचा रेहबर आला,
बारावीतला, एकाच कानात हेडफोन.
कीबोर्डला हात लावला नाही,
पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे नुसती हनुवटी केली:
काकू, तुमचा कॉम्प्युटर दोन हजार नऊमध्ये आहे.

एक जानेवारी. बारा वाजून चाळीस मिनिटं, रात्रीचे.

आतला सेल मेलाय, म्हणाला.
बटन बंद केलं की हा सगळं विसरतो
आणि निघाला होता तिथे परत जाऊन बसतो.
प्रमाणपत्र गेल्या वर्षीचं,
म्हणजे याच्या लेखी ते अजून छापायचंच आहे.
नियमानेच वागत होता बिचारा.
घड्याळवाला बघून येतो म्हणून रेहबर खाली गेला.

मी त्या साली एकटी बसले थोडा वेळ.
हे टेबल तेव्हा शर्वाणीचं, ती सातवीत.
कंपासचं टोक रुतवून तिने केलेला
दशांश चिन्हाएवढा खड्डा
अजून माउसखाली येतो.

मग सहज जुनी आवृत्ती उघडली,
तिला इंटरनेट लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही.
बारा नंबर, कोळवणकर.
लॉकडाऊनमध्ये त्यांची कंपनी बसली ती बसलीच,
तेव्हापासून भरणा नाही.
एकवीस टक्के, सरळ व्याज. ठरावाचा मसुदा माझाच.
जिन्यात मी दिसले की वहिनी
दाराला लावलेली किल्ली फिरवतच राहतात,
मी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत.
पडद्यावर त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं:
आजअखेर थकबाकी, निरंक.

रेहबर परत आला. घड्याळवाला बंद, मुलीचं लग्न.
पण अगदी तसाच सेल वजनकाट्यात असतो की, काकू.
काटा उलटा केला, नखाने झाकण काढलं.
कॅबिनेटमधून मूठभर धूळ निघाली, एक झुरळाचं पिल्लू,
आणि हरवलेला एक टिकलीचा कागद.
तारीख घातली. वेळ घातली.
पट्टी चौतीस टक्क्यांवर चहा होईस्तोवर अडली,
मग एकदम धावली.
यादी आपोआप उघडली, बारा नंबर तिसऱ्या ओळीत,
दोन लाख एक्केचाळीस हजार आणि वर काही पैसे.
पैसेसुद्धा.

रेहबर वर यायच्या आत
मी एक पान छापून घेतलं होतं, जुन्या आवृत्तीचं.
ते कपाटात आहे, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली.
कुठलाही ऑडिटर ते धरणार नाही,
वर तारीख स्पष्ट आहे.

सेल आणायचा राहिलाच.
सकाळी सवयीने मी काट्यावर उभी राहते,
खाली बघते,
काही दाखवत नाही.