खोच

रामबागेत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत
शनिवारी पाच वाजता मी मराठी शिकवते.
चार-पाच जण येतात. त्यात एक लोकेंद्र पाटीदार,
मूळचा देवासचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान,
बायको हळब्यांची.

पहिल्याच दिवशी त्यानं वहीतलं वाक्य दाखवलं:
"शेव छान निवडलीत हो, जावईबापू,
पोहे दिसतसुद्धा नाहीत."
सासूबाईंचं.
खाली प्रत्येक शब्दाचा अर्थ, पेन्सिलीनं,
एकही चूक नाही.

"सगळं समजलं, बाई.
म्हणून पुढच्या रविवारी किलोभर शेव नेली.
तर घरभर हसू.
शब्द तर सगळे संपले होते.
मग उरलं काय?"

मी फळ्यावर लिहिलं: खोच.

टोमणा नव्हे.
टोमणा मारतात, त्याचा आवाज होतो.
खोच नुसती असते.
कनवटीला नोट असते तशी,
अंबाड्यात फूल, देठ आत गेलेला,
तुझ्या कानामागे ही पेन्सिल.
आणि निऱ्या बघ.
अख्खी साडी, लग्नघरात दिवसभर वावरणारी,
बोटभर खोचेवर तोललेली,
आणि नेमकी तीच कुणाला दिसत नाही.

"मतलब छुपाना?"
नाही रे. लपवलेलं सापडू नये असं वाटतं,
खोचलेलं हाताला लागावं असं.

तो जरा वेळ गप्प.
"आमच्याकडे खोंच म्हणजे
खिळ्याला अडकून कापड फाटतं ते."
मी खडू खाली ठेवला.
हे मला कुठल्याच कोशानं सांगितलं नव्हतं.
तेही लिहून घे, म्हटलं. कधीकधी तेही.

वर्ष गेलं. शेवटच्या शनिवारी
तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला, वाकून नमस्कार केला:
"बाई, तुमच्याकडे मराठी शिकलो,
सबुरी वर मिळाली."

किती गोड बोलतो, म्हणत निघाले.
कृष्णपुऱ्याच्या पुलावर मधोमध
पाय आपोआप थांबले.
पाचचा वर्ग.
रोज साडेपाचला कुलूप उघडणारी मी,
आणि पायरीवर बसलेले ते,
वह्या मांडीवर घेऊन.

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
मी पदर कमरेला खोचला, चालू लागले.

घरी येऊन भिंतीवरचं घड्याळ
पाच मिनिटं पुढे केलं.
पाचच.